पन्नासच्या आसपास

वरोऱ्याकडे जाताना डाव्या हाताला
तुरीच्या वावरांत उभं आमचं सबस्टेशन.
रात्रपाळीला मी, एक कुत्री आणि तीन ट्रान्सफॉर्मर.
ते गुणगुणतात.
नवा माणूस विचारतो, हा आवाज कसला?
पंधरा वर्षांनी मला तो ऐकू येत नाही,
बदलला, की येतो.

काटा पन्नासवर हवा.
सेकंदाला पन्नास हेलकावे,
इथे, चंद्रपूरच्या कोळशावर,
आणि भूतानच्या कुठल्याशा दरीत
डोंगराच्या पोटात फिरणाऱ्या चाकात,
तोच ठोका, त्याच क्षणी. नेपाळशीही तसंच.
नाक्यावर माणसांचे कागद बघतात,
ठोक्याला कुणी अडवत नाही.

बांगलादेशाचं निराळं.
गेल्या हिवाळ्यात वावरात तंबू ठोकून
मालद्याची टोळी नवी लाइन ओढत होती.
रफीकुल दीडशे फुटांवर पट्ट्याला लटकून
आत्याशी फोनवर बोलायचा. ती सरहद्दीपलीकडे.
तिच्या पंख्यात आपली वीज जाते का, त्यानं विचारलं.
जात असेल, मी म्हटलं, पण मध्ये एक दार आहे.
त्यातून ठोका जात नाही, नुसती वीज जाते,
पलीकडे गेली की त्यांच्या तालावर चालते.
तो हसला.
आत्याचंही लग्नानंतर तेच झालं, म्हणाला.

मग फाल्गुनातली ती संध्याकाळ.
सोलरच्या पाट्यांवरून ऊन उतरलेलं,
गावात दिवे, मोटारी, टीव्ही, सगळं एकदम.
वरच्या नद्या आटलेल्या, बर्फ अजून डोंगरावरच.
शेजाऱ्यांनी चुली विजेच्या केल्यात, गाड्याही;
पावसाळ्यात विकतात, हिवाळ्यात मागतात.
आणि आमचंच एक युनिट नळी फुटून बसलेलं.
एकोणपन्नास पॉइंट नऊ.
एकोणपन्नास पॉइंट आठ.
गुणगुण जाड झाली, कुत्री उठून उभी राहिली.
वरून फोन आला: एक फीडर काढा.
मी मांगलीचा काढला.
माझं घर त्याच्यावरच आहे,
लॉगबुकात तसा रकाना नाही.

अर्ध्या तासात सायकलवर डोमाजी येरणे,
भुवया पिठानं पांढऱ्या.
"काहून वं बाई, कोनं नेली माही लाइन?
दोन पायल्या गहू चक्कीत अडकून हाये."
हिमालयात बर्फ वितळला नाही, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कुत्रीकडे.
मग पायरीवर बसला, तंबाखू मळत.
"धुऱ्यापल्याडच्या खिरटकरानं
पऱ्हाटी मोडून संत्रा लावला.
बेसच केलं त्यानं.
पन माह्या विहिरीची खालची पायरी उघडी पडली,
आज्यानं बी पाहिली नसन थे.
भांडाले कोनासंग जाऊ?
त्याचं वावर, त्याचा पेरा."

मला एवढंच सांगता आलं असतं
की कुणाचं माप किती उतरलं
ते माझ्या पॅनेलवर दिसत नाही.
तिथे एकच आकडा येतो, सगळ्यांचा मिळून.

नऊ पंचवीसला फीडर चढवला.
दूर चक्कीचा पट्टा फटफटला,
डोमाजी मध्येच उठून सायकल हाणत गेला,
चुन्याची डबी इथेच विसरून.

त्याला एक सांगायचं राहिलं.
आमच्या दुपारी आता इतकं ऊन तारेत शिरतं
की तिकडे म्हणे दुपारचं पाणी अडवून धरतात,
आणि आमच्या पाट्या थंड झाल्या की सोडतात.
मी कधी न पाहिलेली एक नदी
आमच्या सूर्यास्तानं हातभर चढते, रोज.
आधी भोंगा वाजतो.
काठावर कुणीतरी धुणं घेऊन बसलेली असणार.
ती उठते, बादली उचलते,
दोन दगड वर सरकते,
आणि काहून म्हणून कोणाला विचारते
ते मला माहीत नाही.